सवतीचा टाक

बाबांना काचबिंदू झालाय. गेलेली नजर परत येणार नाही आणि आहे ती किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "माझ्या आईचा एखादा फोटो मिळतो का बघ. एकदा बघायचीय."

त्यांची आई त्यांना जन्म देतानाच गेली. त्या काळी आमच्या वस्तीत फोटो कोण काढणार, डोंबल! पण म्हातारा बाप इतका काकुळतीला आल्यावर नाही कसं म्हणायचं?

रविवारी सकाळी अंबरनाथच्या घरातली ट्रंक उपसली. बाबांच्या फॅक्टरीतल्या निरोपसमारंभाचे फोटो निघाले, लग्नपत्रिका निघाल्या, माझं बारसंसुद्धा निघालं. तिचं काही नाही. एक बाई मूल जन्माला घालून मरते आणि घरात तिची चिंधीही उरत नाही? मला भयंकर राग आला. कोणावर काढणार?

दुपारी बदलापूरला, हेंद्रेपाड्यात आत्याकडे गेले. आत्या म्हणजे बाबांची सावत्र बहीण. आजोबांनी दुसरं लग्न केलं, त्या आजीची मुलगी. त्या आजीनेच बाबांना वाढवलं. बाबा तिला बाई म्हणायचे.

"फोटो कुठला गं," आत्या म्हणाली. मग उठून तिने दार लावलं आणि साड्यांखालून एक रुमालाची पुरचुंडी काढली. "तुझ्या बापाला सांगू नको हं. भडकेल."

आत काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा छोटासा पत्रा होता.

"सवतीचा टाक," आत्या म्हणाली. दुसरेपणावर आलेल्या बायकोने मेलेल्या पहिलीचा टाक, म्हणजे तिची छबी उमटवलेला पत्रा, गळ्यात घालायचा, म्हणजे ती त्रास देत नाही, अशी जुनी समजूत. पण आम्ही तर बौद्ध! धम्म घेतला तेव्हा आजोबांनी देव्हाऱ्यातले सगळे टाक नदीत सोडले होते. बाबा ते अभिमानाने सांगतात. आजीने मात्र हा एवढा काढला नाही. पोलक्याच्या आत लपवला. आत्याने एकदा तिला छेडलं, तर म्हणाली, "द्येव नाय तो. पोराची आय हाय."

मी तो मागून घेतला. संध्याकाळी बाबांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

बाबांनी टाक डोळ्यांजवळ नेला, दिव्याखाली धरला, अंगठ्याने चाचपला.

"नाक नाही, डोळे नाहीत. मलाच दिसत नाहीये का?"

"नाही बाबा, मलाही दिसत नाही. अंगावर घासून झिजलाय."

"किती वर्षं घातला होता?"

"लग्नापासून मरेपर्यंत."

बाबांनी मूठ मिटली. आता ओरडणार, असंच मला वाटलं.

"बाईचा फोटो आहे ना कपाटात?" ते म्हणाले. "आण."

मी आणून दिला. त्यांनी तो पार चष्म्याला भिडवला. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बाबांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"हिला मी आई म्हटलं नाही गं," ते म्हणाले. "एकदासुद्धा नाही."