आधी हात दाखवा

बिघडलेलं सर्किट घेऊन कोणीही आलं, की मामा सर्किटाकडे बघायचेच नाहीत. भिंग कपाळावर सरकवून म्हणायचे, "आदी हात दावा. सर्किट कुटं पळून चाललंय व्हय?"

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेल. आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये या बुजुर्ग मेकॅनिकला हात दाखवल्याशिवाय कोणाची सुटका नव्हती. एकदा तर त्यांनी मालकांनाच हात धुवायला नळावर पिटाळलं. "मालक, भडंग खाल्लासा न्हवं?"

मी तिथे नवी इंजिनियर. साखर कारखान्यासाठी उसाच्या रसाचा पीएच मोजणारं मीटर बनवायचं होतं आणि त्याचं सर्किट मी काढलं होतं, आयुष्यातलं पहिलं. दसऱ्यानंतर मीटर सुरू केलं, तर आकडा एका जागी ठरेना. सात दाखवायचा आणि हळूहळू आठाकडे चालू लागायचा. ऑप-अँपची चिप मी तीनदा बदलली. फरक शून्य.

मालक म्हणाले, "उद्या कारखान्याची माणसं येतील. तोवर नाही जमलं, तर पुण्याहून तयार सर्किट आणू. तुमचं राहू द्या."

मला रडूच यायला लागलं. मामा मात्र ठाम. "ताईचं सर्किट चोख हाय. कुणाचा तरी हात लागलाय." लगेच सगळ्यांच्या हातांची झडती सुरू झाली. चहावालाही सुटला नाही.

शेवटी मी त्यांचं भिंग मागून घेतलं. सेन्सरची वायर सर्किटाला जोडली होती तिथे, सोल्डरच्या दोन टाक्यांच्या मधोमध, कुंकवाचं इवलंसं बोट! खंडेनवमीला यंत्रांची पूजा मामांनीच केली होती. सेन्सरचा सिग्नल इतका नाजूक, की दमट हवेत कुंकवातून झिरपणारा करंटही त्याला भारी पडत होता.

"मामा," मी म्हटलं, "आधी हात दाखवा."

त्यांनी शाळकरी पोरासारखे दोन्ही हात पुढे केले. अनामिकेचं नख अजून लालसर होतं.

"तुमचं पयलं सर्किट, ताई. म्हटलं, नजर लागाय नको."

मला हसू आलं आणि भरूनही आलं. स्पिरिटनं पुसून, दिव्याखाली वाळवल्यावर आकडा सातावर बसला तो हललाच नाही. मी मालकांना काहीच सांगणार नव्हते. मामा स्वतःच गेले. "मालक, पोरीचं सर्किट चोख. खोट माझ्या बोटात हुती."

मालक कधीपासून या संधीची वाट बघत असावेत. म्हणाले, "मामा, नळावर!"

गेल्या वर्षी मामा गेले. यंदा खंडेनवमीची पूजा मी केली. मीटरच्या डब्यांना बाहेरूनच कुंकू लावलं, मामांच्या भिंगाला जरा जास्त. मग एक सर्किट उघडायला घेतलं आणि सवयीनं दोन्ही हात पुढे केले.

समोर त्यांचं रिकामं स्टूल होतं. मी गपचूप नळावर गेले.