देवीच्या बनाचा कौल

आमच्या गावात बाजारपेठेच्या मागं देवीचं जुनं बन होतं. गाव चारी बाजूंनी वाढलं, पण बनात कुणी कुऱ्हाड नेली नाही. दुष्काळात सोसायटीला गोदामासाठी त्यातली अर्धी जागा हवी झाली, म्हणून देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं की देवीचा होकार. पण आड आटला होता. तांब्याच्या तळातलं पाणी डाव्या फुलालाच संपलं. पुजाऱ्यानं उजवं तसंच कोरडं ठेवलं आणि ते लगेच पडलं.

"दिलं, आईनं दिलं!" माणसं ओरडली.

मी सासूबाईंच्या कानात म्हटलं, "आत्याबाई, उजवं फूल कोरडं होतं."

"म्या बी बघितलं. पर पडलं ते पडलं. आता देवीला खोटं कोण पाडणार? तू?"

मी पदर पुढं ओढला.

दुसऱ्या दिवशी तोड सुरू झाली. आमच्या घरचीही माणसं रोजानं गेली, कारण दुसरं काम नव्हतं. बनातली चिंचेची झाडं पडताना आम्ही दोघी कडेला उभ्या होतो.

उरलेलं बन आज गोदामाच्या मागं आहे. त्याचाही कौल कुणी मागितला, तर मी काय करीन, मला ठाऊक नाही.