टीव्हीकडे पाठ करून बसणाऱ्या मालतीताई

मालतीताईंची आणि माझी पहिली भेट पाथर्डी फाट्यावरच्या एका फ्लॅटमध्ये झाली, आणि त्या भेटीत त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर ताई आम्हा बायकांना घरोघरच्या आजारी म्हाताऱ्यांची सेवा करायला शिकवत. मी नवी होते. पलंगावर त्या घरचे आजारी आजोबा, आप्पा, समोर घरच्यांनी लावून दिलेला टीव्ही. ताई आल्या, टीव्हीकडे पाठ करून आप्पांसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांच्या मांडीवर बेदाण्यांचं ताट ठेवलं.

"आप्पा, एवढ्या काड्या काढून द्या हो. माझी नजर पोचत नाही."

आप्पा देवळ्याचे, जुने कांद्याचे व्यापारी. "बाई, कांदा लय निवडला मी. हे बारीक काम आपल्याला नाय जमायचं," असं कुरकुरत त्यांनी काड्या काढायला घेतल्या. मग लिलावाच्या गोष्टी निघाल्या. ताईंनी मुद्दाम त्यांचं म्हणणं मध्येच खोडून काढलं, तसे आप्पा तावातावाने सरळ उठून बसले. टीव्ही आपला एकटाच बडबडत राहिला.

ताईंची कामाची रीत हीच. टीव्ही बंद करायचा नाही, रिमोट हिसकायचा नाही. "अगं, हातातलं काढून घेतेस, मग तिथे ठेवणार काय?" असं त्या आम्हाला दटावत. दिवसभर पडद्यासमोर बसून पाय आखडतात, भूक मरते, झोप उडते, हे त्या घरच्यांनाही कळवळून सांगत. घरचे मान डोलवत. "खरंय ताई, पण टीव्ही असला की ते शांत बसतात," असं म्हणत.

गौरवलेखात यशाचं लिहायचं असतं. पण खोटं कशाला लिहू? बहुतेक घरांत टीव्हीच जिंकला. आप्पा काठी घेऊन गॅलरीपर्यंत जायला लागले, तेव्हा त्यांच्या मुलाला इतका आनंद झाला, की त्याने वडिलांना बक्षीस म्हणून भिंतभर टीव्ही आणला! पेढे आमच्या हातावर ठेवले. आप्पा पुन्हा पलंगावर. जिना उतरताना ताई मध्येच पायरीवर बसल्या. "शोभा, भांडायचं तरी कोणाशी गं? प्रेमानेच आणलाय त्याने," असं म्हणाल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माणूस म्हणून ताई किती मोठ्या, ते माझ्या घरात विचारा. मी तापाने फणफणले होते तेव्हा माझी कामाची पाळी त्यांनी स्वतः केली, आणि संध्याकाळी मऊ भाताचा डबा घेऊन माझ्या खोलीवर आल्या. मी घाबरून उठायला लागले, तर "पड गप" म्हणून ओरडल्या. माझ्या आईनंतर मला असं कोणी ओरडलं नव्हतं.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांची उजवी बाजू गेली. मुलगा-सून कामावर जातात. वाईट नाहीत हो ती, जाताना न चुकता टीव्ही लावून देतात. मी सवड काढून बेदाणे घेऊन जाते, त्यांच्याच रीतीने पाठ करून बसते. ताई डाव्या हाताने दोन-चार काड्या काढतात, आणि मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जाते.

परवा मला राहवलं नाही. "ताई, तुम्हीसुद्धा?" असं म्हणाले.

शब्द जुळवत जुळवत त्या बोलल्या, "शोभा, तू तासाभरानं जातेस. तो जात नाही."

त्यांच्याच रीतीत एवढं मोठं भोक होतं आणि ते त्यांना पलंगावर पडल्यावर दिसलं, याने माझा जीव तुटतो.

आणि आता हा पंचाहत्तरीचा सत्कार. ताईंना जिना उतरवत नाही, म्हणून सत्कार समितीने मोठ्या आपुलकीने सोय केली आहे: सभागृहातला सोहळा ताईंना घरी त्यांच्या टीव्हीवर दिसणार आहे. हे ऐकून मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. पण भांडू कोणाशी? प्रेमानेच केलंय सगळ्यांनी.

मी सभागृहात येणार नाही, समितीने क्षमा करावी. तुम्ही ताईंबद्दल भरभरून बोलत असाल तेव्हा मी त्यांच्या खोलीत, तुमच्याकडे पाठ करून बसलेली असेन. ताई तुमच्याकडेच बघतील, हे मला ठाऊक आहे.

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचं आयुष्य मागतात. माझी जीभ रेटत नाही. ताईंचा उजवा हात परत यावा, पायांत बळ यावं, एवढं मागते. आणि वर्षं द्यायचीच असतील तर त्या वर्षांत तासाभराने न उठणारं कोणीतरी त्यांच्यासमोर असावं. सोहळ्याच्या दिवशी मी घरी सांगून निघणार आहे, की परत कधी येईन ते विचारू नका.