एकाच हप्त्याच्या दोन पावत्या

आमच्या घराच्या जिन्याखाली एक खोली आहे. खोली म्हणायचं आपलं; पूर्वी तिथे मोडक्या सायकली आणि रिकामे डबे पडलेले असत. यजमान गेल्यावर मी ती एका रफूवालीला भाड्याने दिली, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या राहायला. अकरा वर्षं ती त्या जिन्याखाली बसली. खिडकी नाही, डोक्यावर एक दिवा, मांडीवर कुणाचा तरी कोट आणि नाकाजवळ सुई.

रफूचा धागा दुकानातून आणत नाहीत, हे मला तिच्याकडूनच कळलं. ज्या कापडाला भोक पडलं, त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून तो हळूच ओढून काढायचा. "बाहेरचा धागा कितीही भारी आणा, काकू, तो दिसतोच," ती म्हणायची. तिच्यासमोर गाठोडी बघून मी एकदा म्हटलं, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" तर सुई न थांबवता म्हणाली, "भाराभर चिंध्या खऱ्याच, पण एकेक धड करूनच परत पाठवते."

एक्केचाळिसाव्या वर्षी तिचं लग्न जमलं ते एका पँटमुळे. लिफ्ट दुरुस्त करणारा एक मेकॅनिक गुडघ्यावर फाटलेली पँट घेऊन आला. दोन आठवड्यांनी पुन्हा तीच पँट, तोच गुडघा. तिसऱ्या वेळी तिने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "अहो, पँट फाटते, की तुम्ही फाडता?" तो खाली बघून म्हणाला, "दोनदा फाटली होती."

लग्नाआधी त्याने माझ्या पुढच्या खोलीत बसून सगळं सांगितलं. मी समोर असावं असा तिचाच हट्ट होता. त्याचं आधी एक लग्न झालेलं होतं. पहिल्या बायकोने सलून काढलं, त्यासाठी दोघांच्या नावावर कर्ज काढलं. तीन वर्षांत सलून बंद पडलं, चौथ्यात लग्न. अर्धं कर्ज ती फेडणार असं ठरलं होतं. आठ महिने तिने फेडलंही, मग दुसऱ्या गावी गेली आणि पैसे यायचे थांबले.

"बँकेला नवराबायको कळत नाहीत, सह्या कळतात," तो म्हणाला. "माझी सही आहे, तेव्हा सगळं मलाच भरायचं. अजून सहा वर्षं. मी हा असा कर्जासकट आहे."

रफूवाली म्हणाली, "भोक कसं पडलं हे मी गिऱ्हाईकाला कधी विचारत नाही. केवढं आहे तेवढं बघते."

"पण भरणार मी. तुझ्या दुकानाच्या पैशांना हात लागता कामा नये."

"बरं," ती म्हणाली.

दुकान म्हणजे समोरच्या रस्त्यावरचं कागदवाल्यांचं दुकान. वह्या, दौती, पुठ्ठे विकणारे एकटे वृद्ध गृहस्थ. अरुंदच जागा, पण उत्तरेला मोठी खिडकी. रफू करणाराला उत्तरेचा उजेड म्हणजे काय, ते तिला विचारावं. तिचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल होत. कागदवाले धंदा आवरतील तेव्हा ती जागा आपण घ्यायची म्हणून ती लग्नाच्याही आधीपासून पैसे साठवत होती.

त्या सलूनची एकच वस्तू त्याच्याकडे उरली होती, वरखाली होणारी फिरती खुर्ची. विकत कुणी घेईना, टाकायचा त्याला धीर होईना. ती माझ्या मागच्या व्हरांड्यात चादरीखाली उभी असायची. कपडे वाळत घालायला जाताना रफूवाली तिच्याकडे पाठ करून जायची, जणू तिथे न बोलावलेली पाहुणी बसली आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना कर्जाचं कळलं तेव्हा त्या जिन्यातच म्हणाल्या, "काय गं नशीब तुझं! पहिलीनं खाल्लं, आता दुसरीनं फेडायचं!"

"वहिनी, तुमच्या शालीला कसर लागली तेव्हा मी त्या किड्याचं नाव विचारलं होतं का?"

वहिनी आठ दिवस माझ्याशीही बोलल्या नाहीत.

दोघांचा संसार चांगला चालला होता. माझी तक्रार एकच होती, दोघं एकमेकांशी फार जपून वागत. ती त्याला सदैव "अहो" म्हणे. चार वर्षांत तिच्या तोंडून एकदाही "अरे" ऐकलं नाही. "कधी भांडता की नाही?" मी विचारायची. "भांडायला वेळ कुठे आहे, काकू?" हे उत्तर ठरलेलं.

मी शाळेपासून रोज डायरी लिहिते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेली सवय. तारीख, हवा, कोण आलं, काय बोलणं झालं. म्हणूनच लग्नानंतर मेकॅनिक दर महिन्याला हप्त्याची पावती माझ्याकडे आणून देऊ लागला. "नोंद करा, काकू, आणि ठेवून द्या. तिला सांगू नका. शेवटचा हप्ता झाला की सगळा गठ्ठा एकदम तिच्या हातात देणार आहे." मी शब्द दिला. त्याचा लिफाफा कपाटातल्या वरच्या कप्प्यात ठेवला.

चौथ्या वर्षी नोव्हेंबरात रफूवालीही एक लिफाफा घेऊन आली. त्याच्या पँटचा खिसा शिवताना तिला बँकेची चिठ्ठी सापडली होती, हप्ता भरला नाही म्हणून आठवण देणारी. "तेव्हाच म्हटलं, हे कामावर चालत का जातात, वर्तमानपत्र का बंद केलं. मी जाऊन भरून आले. तारीख लिहून ठेवा, काकू, पावती हरवायला नको. त्यांना कळू देऊ नका, फार लाजतील." मी तिलाही शब्द दिला आणि लिफाफा खालच्या कप्प्यात ठेवला.

मला वाटलं, त्याचा एखादा महिना चुकला असेल, तो तिने सावरला. पण महिनाअखेरीस मी मागची पानं वाचते तेव्हा ध्यानात आलं. चार तारखेला त्याची पावती, नऊला तिची. एकाच महिन्याची. म्हटलं, एकदा घडलं, जाऊ दे, आपण शब्द दिलाय. डिसेंबरात तसंच. जानेवारीत तसंच. नवरा-बायको एकाच भोकावर दोन बाजूंनी ठिगळ लावत होते, आणि झाकली मूठ म्हणून दोन्ही मुठी माझ्याच कपाटात. पावतीवर भरलेली रक्कम तेवढी छापलेली असे. किती उरलं हे विचारायचा धीर त्याला होत नव्हता, आणि तिला ते विचारणं शोभत नाही असं वाटत होतं.

मीही मूग गिळून बसले, हे लिहून ठेवते. शब्द पाळला म्हणजे झालं, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले.

मार्चमध्ये कागदवाल्यांनी निरोप पाठवला, मी आवरतोय, पहिल्या तारखेपर्यंत सगळी आगाऊ रक्कम द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. रफूवाली माझ्याकडे आली. पाचवी पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काकू, उद्या त्यांना नाही म्हणून कळवते. बरोब्बर पाच हप्त्यांएवढेच कमी पडतायत." रडली नाही. चष्मा काढून डोळे चोळले, आणि मला ते लाल डोळे दिसले.

"उद्या नको," मी म्हटलं. "परवा रविवार आहे. चारला दोघं चहाला या."

रविवारी दोघं आली. मी कप भरले आणि कपाटातून दोन्ही लिफाफे काढले. वरच्या कप्प्यातला तिला दिला, खालच्या कप्प्यातला त्याला.

"हा माझा नाही, काकू," ती म्हणाली. "ह्यावर ह्यांचं अक्षर आहे."

"ठाऊक आहे. उघड."

तो उठलाच. "काकू, तुम्ही शब्द दिला होता!"

"सांगणार नाही असा दिला होता. मी कुठे काही सांगितलं?"

दोघं पावत्या काढून बघायला लागली. तो एकेक तारीख ओठांत पुटपुटत होता. मग थांबला. "नऊ नोव्हेंबर? मी तर चारलाच भरला होता."

तिने त्याची चार तारखेची पावती दोन्ही हातांत धरली होती. ती एकदम म्हणाली, "अरे, मग सांगायचंस ना मला!"

चार वर्षांतला पहिला "अरे". तो चमकून तिच्याकडे बघतच राहिला.

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"खिशात बँकेची चिठ्ठी होती. मला वाटलं तुला जमत नाहीये."

"ती जुनी होती! जादा कामाचे पैसे उशिरा मिळाले, म्हणून ऑक्टोबरचा हप्ता थोडा लांबला. भरला, आणि चिठ्ठी खिशातच राहिली."

"मग चालत का जात होतास?"

"डॉक्टर म्हणाले पोट कमी करा."

"आणि वर्तमानपत्र?"

"ते..." तो घुटमळला. "ते हप्त्यासाठीच."

"बघ! आणि माझं दुकान गेलं ना इकडे!"

कागदवाल्यांचा निरोप त्याला माहीतच नव्हता. मग जे भांडण झालं ते मी शब्दशः लिहिलेलं नाही. वीस मिनिटं चाललं, दोघांचा चहा थंड झाला, आणि मला मधे एकदा "तुम्ही गप्प बसा, काकू" असंही ऐकावं लागलं. वाईट वाटलं नाही. बोलायचं तेव्हा मी पाच महिने गप्प होते.

सोमवारी तो बँकेत गेला. कारकुनाने सांगितलं, तुमचे पाच हप्ते पुढचे भरलेले आहेत, पाच महिने इकडे फिरकू नका. संध्याकाळी तो जिन्याखाली येऊन म्हणाला, "हे पाच महिने माझे पैसे कागदवाल्यांना जातील."

"मला कुणाची मदत नको."

"मदत कसली? तुझेच पैसे परत. त्याच कापडाचा धागा."

"माझंच वाक्य मला विकू नकोस," ती म्हणाली, पण उठली, आणि आहेत तेवढे पैसे घेऊन कागदवाल्यांकडे गेली. मी सोबत होते. पुढच्या महिन्यापासून पाच वेळा थोडे थोडे देऊ, असं तिने सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, "बाई, मला एकरकमी हवेत. भरवसा कशाचा?"

"अंगातला कोट काढा," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने बिचकून कोट काढला.

"सहा वर्षांपूर्वी ह्याची पाठ सिगारेटने जळाली होती. कुठे, ते दाखवा."

त्यांनी चष्मा लावला. कोट खिडकीत धरला, उलटा केला, सुलटा केला. बराच वेळ गेला. शेवटी कोट अंगात चढवत म्हणाले, "पाच महिने. पण तोवर माझ्या न विकलेल्या वह्या मागच्या भिंतीला राहतील."

अशी ती खिडकीत आली. पाठीमागे छतापर्यंत वह्यांचे गठ्ठे, समोर उत्तरेचा उजेड. पहिल्या आठवड्यात तिची मान धरली, कारण स्टूल खिडकीला बुटकं पडत होतं. नवऱ्याने उंच स्टूल करून आणतो म्हटलं. ती काही न बोलता माझ्या मागच्या व्हरांड्यात आली आणि तिने चादर ओढली.

"अरे," तिने हाक मारली, "हिचं वरखाली चालतं का अजून?"

"चालवता येईल," तो गुडघ्यावर बसत म्हणाला. "तेल घालावं लागेल. पण तुला चालेल? तिची खुर्ची?"

"तिची कशी? एवढ्या पावत्यांतल्या चार तरी हिच्याच असतील. आपण भरल्यात. मग बसायचं कुणी, काकूंनी?"

तो खरोखरच लिफ्टवाला. अर्ध्या तासात खुर्ची वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. दोघांनी ती रस्ता ओलांडून ढकलत नेली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खिडकीतून वाकून बघत राहिल्या.

कर्ज अजून दीड वर्ष आहे. पावत्या आता त्यांच्याच घरी असतात, खिळ्याला टोचलेल्या. माझा खालचा कप्पा रिकामा झाला, तिथे मी रफूसाठी द्यायचं लोकरीचं जाकीट ठेवलंय.