पांगाऱ्याच्या फळीवर

फळ्यांच्या शर्यतीचं कौतुक मला कुणी सांगू नये. ती सुरू झाली तेव्हा मी लग्नाची होते आणि बंद पडली तेव्हा माझ्या नवऱ्याचा एक पाय कायमचा ताठ झाला होता.

आधी तो नुसता खेळ होता. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवलेल्या, हातांना काम नाही. मग पुरुषमाणसं पांगाऱ्याची हलकी फळी घेऊन लाटांत शिरायची आणि तिच्यावर आडवी पडून किनाऱ्यापर्यंत घसरत यायची. कुणी उभंही राहायचं. जिंकणं-हरणं काही नव्हतं.

देश स्वतंत्र झाला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुक्या मासळीच्या एका व्यापाऱ्यानं नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वाळूत बांबू रोवला. लाटेवरून त्या बांबूच्या सर्वांत जवळ येईल त्याला नवं जाळं. पहिल्या वर्षी ते माझ्या थोरल्या भावानं जिंकलं. व्यापाऱ्यानं त्याला पगारीच ठेवून घेतला. पावसाचे चार महिने तांदूळ आणि तेल घरपोच. काम एकच, फळीवर सराव करायचा.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. सासर खाडीपलीकडे. तिथल्या लोकांना हे कसं सोसवणार? त्यांनी वर्गणी काढून माझ्या नवऱ्याला उभं केलं. तेव्हापासून दरवर्षी श्रावण आला की दोन्ही गावं एकमेकांना पाण्यात पाहू लागली. माझ्या माहेरच्या बाया खाडीच्या तरीतून उतरल्या की सासरची पोरं चिखल मारायची. विहिरीवर मला जागा मिळेना. सासू म्हणायची, "भावाला सांग जरा हरायला. तुझं ऐकंल तो."

पाचव्या वर्षी दोघं एकाच लाटेवर आले. मी बांबूजवळच उभी होते. माझा नवरा पुढे होता. भावानं मागे वळून लाट पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि फळी तिरकी घातली. तिचं टोक नवऱ्याच्या गुडघ्यावर बसलं. तो पाण्याखाली गेला. भाऊ बांबूपर्यंत आला.

नवऱ्याला चौघांनी उचलून आणलं तेव्हा भावाच्या गळ्यात हार पडत होता. मी सरळ त्याच्यापुढे गेले.

"दादा, तू बघितलंस."

"लाट बघत होतो, बाय."

"न्हाय. तू ह्यांच्याकडं बघितलंस."

तो दात आवळून म्हणाला, "हरलो असतो तर माझ्या पोरांना तांदूळ कोन घालणार व्हता? तू?"

"ते तांदूळ तुझ्या घशाखाली उतरू देत म्हंजे झालं," मी म्हणाले. माझ्याच माहेरच्या माणसांनी मला खांद्याला धरून मागे ढकललं. व्यापारी हसत म्हणाला, खेळ म्हटला की लागायचंच. संध्याकाळी त्यानं आमच्या घरी एक धोतर आणि नारळ पाठवला. मी दोन्ही दारासमोरच्या चिखलात टाकली.

गुडघा पुन्हा वाकला नाही. होडीत तोल धरता येईना, म्हणून नवरा ओट्यावर जाळी विणत बसू लागला. मला वाटलं होतं, आता तरी हे घर त्या शर्यतीवर थुंकेल. उलटंच झालं. गावानं एक नवा फळीवाला तयार केला आणि त्याला शिकवायला माझा नवराच लंगडत किनाऱ्यावर जाऊ लागला. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा तो त्याला सांगत होता, "बांबू सोड. त्याच्या गुडघ्यावर घाल. एकदाच, पन नीट."

मी भाकरी ठेवली आणि त्याच पावली खाडीची तर पकडून माहेरी गेले. भावाचं तोंड पाहायची इच्छा नव्हती. वर्षभर पाहिलंही नव्हतं. अंगणात उभी राहूनच म्हणाले, "उद्या पाण्यात उतरू नको. तुझा पाय मोडायचं ठरलंय."

"नवऱ्यानं पाठवली तुला, मला घाबरवायला?"

"त्यांनीच ठरवलंय. माझा जीव तुझ्यावर न्हाय, दादा. तुझ्या बायकोला माझ्यासारखं व्हायला नको, म्हणून आले."

वहिनीनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला घरातून हलू दिलं नाही. माझ्या सासरच्या गावाचा माणूस बिनविरोध जिंकला. व्यापाऱ्यानं भावाचा पगार त्याच दिवशी तोडला. पाऊस सरल्यावर भाऊ रेवसहून लाँच पकडून मुंबईला गेला, धक्क्यावर ओझी उचलायला. जाताना निरोप ठेवला, "बहिणीनं माझं पोट मारलं."

नवऱ्याला सगळं कळलं तेव्हा तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "माझा पाय गेला, आणि तू त्याचा वाचवलास." मग कित्येक महिने त्यानं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. सासूच वाढायची.

शर्यत आणखी काही वर्षं चालली. पुढे व्यापाऱ्यानं इंजिनाच्या होड्या घेतल्या, त्याचं लक्ष उडालं, आणि फळीवाले एकेक करून मुंबईला गेले. आता म्हातारे त्या दिवसांच्या गोष्टी रंगवून सांगतात. मी उठून आत जाते.

भाच्याच्या लग्नाचं बोलावणं वहिनीनं केलं. नवरा आला नाही. भाऊ मांडवात माझ्यासमोरून दोनदा गेला, बोलला नाही. मीही बोलले नाही. पंगतीत बसले, पोटभर जेवले, वहिनीला सांगून निघाले.