सायकलपट्टीची पट्टी

रस्ता ही आपली खाजगी मालमत्ता आहे आणि बाकीचे लोक निव्वळ आपल्या भलेपणामुळे तिच्यावरून ये-जा करतात, अशी ठाम समजूत असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे मामेसासरे. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत मी ठाणे आणि कल्याण यांच्या पट्ट्यातल्या एका नगरपालिकेत करवसुलीच्या खिडकीमागे बसत असे. कोणत्या ते सांगत नाही. पेन्शन अजून तिथूनच येते. दर एप्रिलला मामा सायकलपट्टी, म्हणजे सायकलवरचा वर्षाचा कर, भरून सायकलला लावायचा नवा बिल्ला न्यायला येत आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "काय जावईबापू, यंदा काय करताय माझ्या रस्त्याचं?" तेव्हापासून साहेबांसकट सगळं ऑफिस मला जावईबापू म्हणू लागलं.

मामा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे बोलणं नेहमी फुटाइंचात. लग्नात वरण पातळ होतं असं ते म्हणत नसत. "वरण भातापासून सव्वा फूट गेलं" म्हणत. करांबद्दलचं त्यांचं गणितही तितकंच सरळ होतं. "घरपट्टी भरली, घर आहे. पाणीपट्टी भरली, एक वेळ का होईना, पाणी येतं. सायकलपट्टी भरली, तर सायकलची पट्टी कुठाय? कडेची दीड हात पट्टी गुळगुळीत करून मला द्या, उरलेला रस्ता तुम्ही खुशाल वापरा." मी पावतीवर बोट ठेवून छापील शब्द 'वाहनकर' आहे असं दाखवलं. "शब्द बदलून जबाबदारी टळत नाही," असं म्हणून ते बिल्ला घेऊन गेले.

हा सारा आटापिटा मामींसाठी होता. पन्नाशीची बाई नऊवारी नेसून नवऱ्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसते आणि बाजाराला जाते, हे गावाला पचायला जड होतं. त्या दोघांना त्याचं काहीच वाटत नसे. पुढे मिठागराच्या वळणावर खडीत चाक घसरलं, मामी पडल्या आणि मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण "रस्ता नीट झाल्याशिवाय मी बसायची नाही," असं सांगून त्या टांग्याने जाऊ लागल्या. पुढे मामींचा टांगा आणि मागे रिकामं कॅरिअर घेऊन एकटे मामा, हे दृश्य मी पाहिलं आहे. मला त्यांची फार दया येई.

एका रविवारी मामांनी शाळेतून मैदान आखायची फक्की आणली आणि रस्त्याच्या कडेने स्वतःच पांढरी रेघ मारायला घेतली. मीठ घेऊन येणाऱ्या एका आगरी गाडीवानाने बैल थांबवले. "काका, ही रेग कसली?" "ही सायकलची पट्टी." "मंग आमी गारी कंच्या पट्टीन हाकाची? आमी पन पट्टी भरताव!" मामा विचारात पडले. माणूस न्यायी, त्यांनी गाडीवानाला चार हात आखून दिले, मग टांगेवाल्याला चार हात दिले, आणि तिथे रस्ताच संपला. पायी चालणारे गटारात उतरून शिव्या देऊ लागले.

सोमवारी साहेबांनी मला बोलावून "तुमचे सासरे आवरा" असं सुनावलं. मी तणतणत मामांच्या घरी गेलो आणि खरं ते सांगून टाकलं. सायकलपट्टी बिल्ले पाडण्यात आणि माझ्यासारख्यांच्या पगारात जिरते. रस्ता होतो तो जकातीवर, म्हणजे नाक्यावरून गावात येणाऱ्या सरपणावर, तुपावर, कांद्याबटाट्यांवर. मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं रस्त्याचे पैसे मी भरतेय, चुलीतून?" मामा खाली बसून त्यांच्याबरोबर तांदूळ निवडू लागले.

मग अर्ज मामींनी केला. आळीतल्या झाडून साऱ्या बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. मजकूर एवढाच, की आमच्या चुलींनी भरलेल्या जकातीतून आम्हाला रस्ता मिळावा. नगराध्यक्षांच्या पत्नीचीही त्यावर सही होती, म्हणून असेल कदाचित, पण दोन वर्षांत डांबर आलं. तेही रस्त्याच्या मध्यभागीच. दोन्ही बाजूंना मुरूम तसाच राहिला. तरी मामा खिडकीशी येऊन ओरडले, "जावईबापू, आली माझी पट्टी!"

त्या संध्याकाळी मामी शब्दाला जागून कॅरिअरवर बसल्या. मामांनी पायडल मारलं, पण या दोन वर्षांत त्यांचे गुडघे गेले होते. सायकल जागची हलेना. मामा खाली उतरले, हँडल धरलं आणि मामींना बसवून स्टेशनपर्यंत पायी ढकलत घेऊन गेले. मागे टांगे तुंबले, घंटा वाजल्या. ते दोघं मधल्या डांबरावरून कडेला झाले नाहीत. मी ऑफिसच्या दारात उभा होतो. मला हसू यायला हवं होतं, पण ते दिसेनासे होईपर्यंत मी आत गेलो नाही.

पुढच्या एप्रिलला मामा नेहमीप्रमाणे आले. मी हळूच म्हणालो, "मामा, तुम्ही आता सायकल चालवत नाही. पट्टी भरली नाही तरी चालेल."

"मी चालवत नाही हो," मामा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "पण ती बसते."

मी पावती फाडली. बिल्ला मी स्वतःच बाहेर जाऊन लावला. सायकल स्टँडवर होती आणि मामी कॅरिअरवर बसून वाट पाहत होत्या.