पंख्याचं बटण

जळक्या वायरचा वास आला की सणसरचा रस्ता आठवतो. गाडी तापायची, म्हणून रेडिएटरच्या पंख्याला हातानं चालू करायचं बटण थोरल्या मावसभावानं बसवून दिलं होतं. "फ्यूज, रिले समदं टाकलंय, बिनघोर जा," म्हणाला. बाळंतीण बहीण आणि तिचं तान्हं बाळ घेऊन बारामतीहून निघालो. ऊन मी म्हणत होतं. बटण दाबलं आणि थोड्याच वेळात डॅशबोर्डखालून धूर आला. दोघांना घाईनं उसाच्या कडेला उतरवलं, बॅटरीची वायर काढली. पाहतो तर फ्यूजही नाही, पंख्याचा भार पेलणारा रिलेही नाही; बारीकशी वायर बॅटरीवरून थेट बटणाला जोडलेली. फोन केला, तर म्हणाला, "पंखा फिरत हुता न्हवं?" गाडीत कोण बसणार, हे त्याला ठाऊक होतं. लग्नकार्यात आम्ही अजून शेजारी जेवतो. माझ्या तोंडून 'दादा' मात्र निघत नाही.